पालथी यादी

फाटकावरचा पहारेकरी आता विचारत नाही, कुणाला भेटायचंय.
गळ्यातली पांढरी पट्टी बघतो, दांडा वर करतो
आणि हातमोज्यातूनच बोट दाखवतो :
"तिसऱ्या मजल्यावरचा दिवा रात्रभर जळत होता."

नोव्हेंबर. दुपारी तीनलाच अंधार.
आखातावर बर्फ अजून धरलेला नाही,
काठाशी नुसती साय.
कागदगिरणीचा तो सडक्या अंड्यांचा वास,
पाहुणे नाक मुरडतात.
बाबा म्हणायचे, पगाराचा वास आहे, दीर्घ श्वास घे.

हेइमो लाउक्कानेन, कार्यकारी संचालक,
खिडकीशी उभा होता, नुसत्या मोज्यांवर.
बूट हीटरखाली वाळत घातलेले.
रात्री ओंडक्यांच्या ढिगांमधून चालला असणार.
टेबलावर एक कागद, पालथा,
त्यावर थंड कॉफीचा कप.

"एकशे त्र्याऐंशी," तो म्हणाला.

मी गप्प.
अशा वेळी काय बोलायचं ते शिकवलं होतं आम्हाला.
बावीस वर्षं लागली
त्यातलं बरंचसं विसरायला.

लोक विचारतात, साहेबाकडे कशाला जाता?
त्याच्याकडे तळ्याकाठी घर आहे,
रडायला आतून कडी लागणारी खोली आहे.
खरं आहे. मी वाद घालत नाही.
पण त्या दारावर टकटक करतात ते
वकील, हिशेबनीस, युनियनचे दोघे, हेलसिंकीचा फोन.
काहीही न मागता येणारं
कुणी नाही.

शंभरांतलं एक शोधायला निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट
मी दर हिवाळ्यात पोरांना सांगते.
एकदा एका मुलीनं विचारलं होतं,
आणि त्यालाच एकशे त्र्याऐंशी हाकलून द्यायला सांगितली तर?
नाही, आकडा तिचा नव्हता.
आकडा मी आत्ता घातला.

"जेवलास?" मी विचारलं.
त्यानं आठवून बघितलं. आठवेना.
पिशवीतून राईची भाकरी काढली, धुरावलेला मासा,
वर्तमानपत्रावरच.
खाताना त्याचा हात कागदाकडे गेला :
"यातलं एक नाव तू बघायला हवंस."
मी कपावर तळवा ठेवला.
कप हलू दिला नाही.
माझा भाऊ ओस्मो दुसऱ्या यंत्रावर आहे, सतरा वर्षं.
तेवढं दोघांनाही ठाऊक होतं.

मग म्हणाला, प्रार्थना कर.
मी हात जोडले आणि शब्द आले ते
पालथ्या घड्यावर पाणी, मलाच ऐकू येत होतं ओघळताना.
थांबले.
तेव्हा तोच सुरू झाला.
प्रार्थना नव्हे. नावं.
डोळे मिटून, कागद न उलटता, एकेक,
आडनावासकट, कुणाच्या बायकोचा आजार, कुणाचं नवं कर्ज,
कोण मुका राहील, कोण ओरडेल.
प्रत्येक नावानंतर मी आमेन म्हणत गेले,
दुसरं काय येतं मला.

साठाच्या पुढे कुठेतरी तो अडखळला.
हीटर टिकटिकत होता.
खाली साखळीवरून ओंडके सरकत होते, धाड, धाड.
मग त्यानं ते नाव घेतलं.

आमेन, मी म्हणाले.
इतरांना म्हटलं त्याच आवाजात म्हणायचं होतं.
जमलं नाही.
त्यानं डोळे उघडले नाहीत,
त्याचे उपकार.

पत्रं गुरुवारी पोचली.
ओस्मोनं दार उघडलं, मला खालून वर बघितलं :
"तुला ठाऊक होतं."
"सोमवारपासून."
"आणि त्याच्याबरोबर जेवलीस."
"हो."

तो आत निघून गेला.
दार लोटलं नाही.
बाहेर उणे चौदा होतं, सगळी ऊब पायऱ्यांवर सांडत होती,
आणि आमच्या घरात असं दार उघडं ठेवलं
तर आई ओरडायची.
मी उंबऱ्याबाहेर उभी,
बूट काढावेत की नाही, ठरवत.